सोलापूरच्या शाळेसाठी इंटरॅक्टिव्ह बोर्ड: पॅनेल, प्रोजेक्टर की मोठा टीव्ही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर शहरातली अनुदानित माध्यमिक शाळा. माजी विद्यार्थ्यांनी दोन वर्गखोल्या डिजिटल करण्यासाठी रक्कम जमवली आहे. तळमजल्यावरची खोली २२ बाय १८ फूट, पूर्वेला तीन खिडक्या, ४८ मुले. वरची खोली २० बाय १६, पत्र्याची. हातात तीन दरपत्रके आहेत: ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनेल (बोटाने किंवा पेनाने लिहिता येणारा मोठा पडदा) दोन, ७५ इंची पॅनेल एक, किंवा दोन्ही खोल्यांत शॉर्ट थ्रो (बोर्डाच्या जवळूनच चित्र टाकणारा) प्रोजेक्टर आणि टच बोर्ड. यातले कोणते घ्यावे, असे मुख्याध्यापिका मॅडम विचारतात.

मॅडम, उत्तर आधी देऊन टाकतो. ७५ इंची एकच पॅनेल घ्या आणि ते तळमजल्यावर बसवा. उरलेल्या रकमेतून अर्थिंग, इन्व्हर्टर आणि पडदे करा. वरच्या पत्र्याच्या खोलीत यंदा महागडे काहीच लावू नका. दरपत्रकातली वैशिष्ट्यांची यादी वाचून बोर्ड निवडला की हमखास चूक होते. शेवटचा बाक, खिडकीतले ऊन आणि भिंतीतली वायर या तीन गोष्टी आधी पाहायच्या आणि यादी नंतर वाचायची.

शेवटचा बाक

बारीक मजकूर वाचता यावा असे वाटत असेल, तर शेवटच्या मुलाचे अंतर पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा जास्त असू नये. लक्षात घ्या, ही पडद्याची उंची आहे, इंचात सांगतात तो कर्ण नव्हे. ६५ इंची पडद्याची उंची साधारण ८१ सेंमी, म्हणजे तो ४.८५ मीटरपर्यंत पुरतो. ७५ इंचीची उंची ९३ सेंमी, म्हणजे ५.६ मीटर. ८६ इंचीची १०७ सेंमी, म्हणजे ६.४ मीटर.

तुमची खोली २२ फूट, म्हणजे ६.७ मीटर लांब आहे. शेवटच्या बाकामागची जागा आणि पॅनेल भिंतीपासून जेवढे पुढे येते ते वजा केले, तर शेवटच्या मुलाचे डोळे पडद्यापासून ५.६ मीटरच्या आसपास येतात. ७५ इंची तिथे नेमके बसते. ६५ इंची घेतले तर शेवटची रांग हमखास बाहेर राहते, आणि बाक ढिले मांडले असतील तर तिच्या पुढचीही. दोन लहान पॅनेल घेऊन दोन्ही वर्गांतली मागची मुले वंचित ठेवण्यापेक्षा एक नीट घेणे बरे.

पॅनेल लांबीच्या भिंतीवर लावले की खोली कमी पडते आणि ६५ इंचीत भागते, असे विक्रेते सुचवतात. मागच्या बाकांचा प्रश्न त्याने सुटतो हे खरे. पण कडेच्या पहिल्या बाकावरची मुले पडद्याकडे ६० अंशांच्या आसपास तिरकी पाहतात. त्यांना अक्षरे चपटी दिसतात आणि काचेवर खिडकीची चमकही त्यांनाच मिळते. म्हणून तो मार्ग तुमच्या खोलीसाठी नको.

देवनागरीसाठी आणखी एक हिशेब करावा लागतो. ५.६ मीटरवरून सहज वाचायचे तर शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत किमान ३ सेंमी हवेत. त्यावर वेलांटी-मात्रा, खाली उकार आणि दोन ओळींमधली मोकळी जागा धरली की एका ओळीला ७ सेंमी लागतात. म्हणजे ७५ इंचीवर बारा-तेरा ओळी बसतात. नेहमीच्या ८ बाय ४ फुटी फळ्याच्या मानाने ही जागा जेमतेम निम्मी आहे. त्यामुळे फळा काढू नका. गणिताच्या तासाला उदाहरणाच्या पायऱ्या फळ्यावर आणि आकृती पॅनेलवर, अशी विभागणी शिक्षकांना सोपी जाते. मधोमध पॅनेल आणि दोन्ही बाजूंना ४ फुटी पांढरे फळे ही मांडणी सर्वांत उपयोगी पडते. खडूचा फळा राहणार असेल तर डस्टर ओलसर वापरा. त्याचे कारण पुढे येईल.

तिन्ही पर्याय आतून

आजची बहुतेक पॅनेल इन्फ्रारेड टचवर चालतात. पडद्याच्या चौकटीत एका बाजूला अदृश्य प्रकाशाचे दिवे आणि समोरच्या बाजूला ते टिपणारे सेन्सर असतात. बोट किंवा पेन मध्ये आले की किरण अडतो आणि जागा कळते. मोबाइलसारखा बोटाचाच स्पर्श लागत नाही, त्यामुळे कोणतीही काडी पेनसारखी चालते. पेन हरवले तरी तास अडत नाही, हा शाळेसाठी मोठा फायदा आहे. उणीवही त्याच रचनेतून येते. किरण काचेच्या दोन-तीन मिलिमीटर वरून जातात, म्हणून पेन काचेला टेकण्याआधीच रेघ सुरू होते आणि उचलल्यावर क्षणभर चालू राहते. रोमन लिपीत हे खपून जाते. मराठीत अनुस्वाराचे टिंब स्वल्पविरामासारखे ओढले जाते किंवा उमटतच नाही, आणि मात्रा शेजारच्या अक्षराला चिकटते.

म्हणून प्रात्यक्षिकाच्या वेळी विक्रेत्याला लिहू देऊ नका. तुमच्या मराठीच्या शिक्षकांना नेहमीच्या वेगाने 'ज्ञानेश्वरी', 'संयुक्त', 'कृष्ण' आणि 'गंगा' हे शब्द शिरोरेषा देऊन लिहायला सांगा. टिंबे सुटतात का, शिरोरेषा पेनाच्या मागे रेंगाळते का, ते दोन मिनिटांत कळते. त्यानंतर भूमितीची कसोटी घ्या. पातळ रेघ काढून तिच्यावर नेमका बिंदू द्यायचा. बिंदू रेघेच्या बाजूला पडला तर काच आणि पडदा यांत जास्त पोकळी आहे. कडेने उभे राहून लिहिणाऱ्या शिक्षकाला हा फरक सतत टोचतो. काच पडद्याला चिकटवलेली पॅनेल महाग असतात, पण पोकळी कमी ठेवलेली मधली प्रत मिळते. तीच मागा.

तिसरी कसोटी तळहाताची. ही पॅनेल स्पर्शाच्या आकारावरून ठरवतात: बारीक म्हणजे पेन, रुंद म्हणजे डस्टर. लिहिताना हात टेकवायची सवय असलेल्या शिक्षकाचे लिहिलेले पुसले जाऊ लागले, तर सेटिंगमध्ये तळहाताने पुसणे बंद करता येते का ते तिथेच विचारा.

प्रोजेक्टर आणि बोर्डाची बाजूही नीट ऐकली पाहिजे. चित्र मोठे मिळते आणि सुरुवातीचा खर्च कमी असतो. फुटायला मोठी काच नसते, आणि लोखंडी-सिरॅमिक पृष्ठभागाचा बोर्ड घेतला तर त्यावर मार्करनेही लिहिता येते. इथे बोर्डाचा प्रकार मात्र तपासा. दाबावर चालणाऱ्या बोर्डाला मऊ पडदा असतो. त्यावर मार्कर किंवा कंपासचे टोक लागले की ओरखडा कायमचा राहतो. विद्युतचुंबकीय बोर्ड अचूक असतो, पण त्याचेच खास पेन लागते. पेन हरवले की तो बोर्ड म्हणजे फक्त पांढरी फळी. इन्फ्रारेड चौकटीचा बोर्ड या दोन्हींपेक्षा शाळेत जास्त टिकतो.

तरीही तुमच्या खोल्यांना मी प्रोजेक्टर सुचवणार नाही. पूर्वेच्या तीन खिडक्या उघड्या असताना ३३०० ते ३५०० ल्युमेन (प्रकाशाचे माप) प्रोजेक्टरचे चित्र फिके पडते. खिडक्या झाकल्या तर एप्रिलमध्ये ४८ मुलांचा जीव गुदमरतो. दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा साधारण ४ ते ५ हजार तासांचा असतो, आणि त्याचे आयुष्य वीज जाण्याने घटते. बंद केल्यावर पंखा थोडा वेळ चालून दिवा थंड करतो. वीज अचानक गेली तर पंखाही थांबतो आणि उष्णता आतच राहते. लेसर प्रोजेक्टरला ही अडचण कमी आहे आणि तो २० हजार तासांचा सांगतात, पण मग किमतीतला फायदा उरत नाही. शिवाय धूळ आहेच. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी असलेल्या शाळेत सुताचे तंतू फिल्टरवर बसतात. तिथे दर १०० तासांनी फिल्टर काढून झटकावा लागतो. तो झटकला नाही की प्रोजेक्टर तापतो आणि तास चालू असताना आपोआप बंद पडतो.

प्रोजेक्टर-बोर्डात जागा जुळवणे, म्हणजे कॅलिब्रेशन, हे रोजचे काम होऊन बसते. स्टँड जरा हलला, पत्र्याचे छत वाऱ्याने थरथरले, तरी बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे. पॅनेलमध्ये पडदा आणि टच एकाच चौकटीत असतात, त्यामुळे ही कटकट येत नाही.

वरच्या खोलीसाठी साधा ५५ किंवा ६५ इंची टीव्ही पुरेल. त्यावर लिहिता येत नाही, पण शिक्षक टॅबवर लिहून ते टीव्हीवर दाखवू शकतात, आणि व्हिडिओ-चित्रांसाठी तो पुरेसा आहे. आधी मात्र छताखाली थर्मोकोल किंवा जिप्समचे आच्छादन करून घ्या. पॅनेल असो वा टीव्ही, निर्मात्याची कामकाजाची मर्यादा सहसा ४० अंश सेल्सिअस असते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरच पारा त्यापुढे जातो, पत्र्याखाली तर विचारायलाच नको.

वीज, अर्थिंग आणि वळीव

टच आपोआप उमटतो, पेन थरथरते, चौकटीला हात लावला की झिणझिण्या येतात, अशा तक्रारींत पॅनेल बऱ्याचदा निर्दोष असते आणि अर्थिंग खराब असते. वायरमनला मल्टिमीटरने तीन मोजमापे घ्यायला सांगा: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी, २३० व्होल्टच्या आसपास हवीत, आणि तिसरे ३ व्होल्टच्या आत. तिसरे दहाच्या वर गेले किंवा दुसरे फारच कमी आले, तर पॅनेल लावण्याआधी अर्थिंगचा नवा खड्डा घ्या. त्याचा रोध ५ ओहमच्या आत आणून घ्या. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली मुरूम. उन्हाळ्यात माती भेगाळली की तिचा आणि खड्ड्यात पुरलेल्या अर्थिंगच्या पट्टीचा संपर्क सुटतो. जूनमध्ये उत्तम असलेले अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी होते ते यामुळे. खड्ड्यात फेब्रुवारीपासून आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी घालायचे काम शिपाईमामांकडे सोपवा आणि वहीत नोंद ठेवा.

७५ इंची पॅनेल वर्ग चालू असताना साधारण १५० ते २५० वॅट घेते. २०० धरले तर रोज पाच तासांना एक युनिट, महिन्याला २४-२५ युनिट. बिलाची चिंता करण्यासारखे हे नाही. वीज गेल्यावरचा विचार मात्र करावा लागतो. संगणकाबरोबर मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटेच टिकतो, तेवढ्यात काम फक्त साठवून घेता येते. तास पूर्ण करायचा असेल तर १२ व्होल्ट, १५० एएच ट्युब्युलर बॅटरी आणि शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या. कागदावर त्यात १८०० वॅट-तास असतात. तूट वजा करून आणि बॅटरी पूर्ण न पिळता निम्मेच धरायचे. पॅनेल, एक पंखा आणि एक दिवा मिळून साधारण तीन तास निघतात. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर स्वस्त पडतो, पण त्यावर पॅनेलचा वीजपुरवठा गुणगुणतो आणि टचही भरकटतो.

मे-जूनच्या वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा बटण बंद करून भागत नाही. प्लग काढायचा आणि इंटरनेटची लॅन केबलही काढायची. पॅनेलचा बोर्ड त्या केबलवाटेही जळतो.

ऊन, धूळ आणि भिंत

उन्हातही इन्फ्रारेड असते. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचे तिरके ऊन चौकटीवर पडले की सेन्सर गोंधळतात. कोणी हात न लावता रेघा उमटतात किंवा एखादी पट्टी लिहायलाच नकार देते. मार्चनंतर शाळा सकाळची झाली की हा त्रास वाढतो, कारण तेव्हा सूर्य खाली असतो. पॅनेल उत्तर किंवा दक्षिण भिंतीवर, खिडक्यांपासून दूरच्या टोकाला लावा. निदान पॅनेलजवळच्या खिडकीला जाड पडदा हवाच. सोलापुरात जाड सुती कापडाला तोटा नाही. गडद रंगाचे दुहेरी शिवून घ्या. पश्चिमेची भिंत टाळा, ती दुपारभर तापते आणि पॅनेलची पाठ भाजते.

एका ठरावीक उभ्या किंवा आडव्या पट्टीत टच चालत नसेल, तर चौकटीच्या आतल्या खाचेत खडूची भुकटी, कोळ्याचे जाळे किंवा चिकटपट्टीचा तुकडा शोधा. रंगकामाच्या मऊ ब्रशने झाडून मग कोरडे मायक्रोफायबर कापड फिरवा. पाणी फवारायचे नाही, ते काचेवरून ओघळून खालच्या खाचेत जाते आणि तिथले सेन्सर मरतात. डस्टर ओलसर वापरा म्हटले ते या भुकटीसाठीच.

भिंतीचा प्रकार पाहिल्याशिवाय पॅनेल टांगू देऊ नका. ७५ इंचीचे वजन साधारण ५० ते ६० किलो असते. ९ इंची विटांच्या भिंतीत लोखंडी अँकर बोल्ट पुरतात. साडेचार इंची किंवा पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर बोल्ट आरपार घेऊन मागे पट्टी द्यावी लागते. जुन्या दगडी इमारतीत गिलाव्यात नव्हे, दगडात बोल्ट बसला आहे याची खात्री करा.

उंची ठरवताना दोन गरजा एकमेकींविरुद्ध ओढतात. माध्यमिकच्या मुलांना पडद्याचा खालचा काठ ९० सेंमीवर असला तर वरच्या कोपऱ्यापर्यंत सहज लिहिता येते. पण बाकावर बसल्यावर पुढच्यांची डोकी साधारण १२० सेंमीपर्यंत येतात, त्यामुळे खालच्या दोन-तीन ओळी मागून झाकल्या जातात. १०० सेंमी हा मधला मार्ग आहे. महत्त्वाचा मजकूर तळाशी लिहायचा नाही, एवढी सवय शिक्षकांनी लावून घ्यावी. पहिली-दुसरीची मुले जमिनीवर बसत असतील तिथे ६५ ते ७० सेंमी योग्य. चाकांचा स्टँड दोन खोल्यांत फिरवता येईल हे ऐकायला चांगले वाटते. उंबरठ्यावरचे धक्के आणि जिना लक्षात घेता तो एकाच मजल्यावर आणि गुळगुळीत फरशीवरच चालतो.

आतली व्यवस्था

अँड्रॉइडची आवृत्ती विचारा. बहुतेक पॅनेलमध्ये ती विकत घेतली तशीच वर्षानुवर्षे राहते, आणि जुन्या आवृत्तीवर ॲप एकेक करून चालेनाशी होतात. १३ किंवा पुढची असावी, रॅम किमान ४ जीबी, साठवण ३२ जीबी. ८ आणि ६४ मिळाले तर उत्तम. गुगलची अधिकृत ईडीएलए मान्यता असेल तर प्ले स्टोअर सरळ चालते. नसेल तर प्रत्येक ॲप बाहेरून टाकावे लागते आणि ते अद्ययावत ठेवणे कोणाच्यातरी अंगावर पडते. आत सरकवायचा ओपीएस संगणक आत्ता घेऊ नका, फक्त त्याची खाच आहे का ते पाहा. शाळेतला लॅपटॉप जोडूनही तेच काम होते.

तिथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. एचडीएमआय केबलमधून फक्त चित्र आणि आवाज जातो. टच लॅपटॉपपर्यंत न्यायला वेगळी यूएसबी केबल लागते, आणि ती एचडीएमआयच्या त्याच क्रमांकाच्या टच पोर्टमध्ये लावायची असते. 'चित्र दिसते पण टच चालत नाही' या तक्रारीचे उत्तर बहुधा एवढेच असते. साधी यूएसबी केबल ५ मीटरपुढे भरवशाची नाही. टच पॅनेलवर करताना बाण लॅपटॉपच्या पडद्यावर हलत असेल, तर विंडोजमधल्या टॅब्लेट पीसी सेटिंग्जमध्ये 'सेटअप' करून टच कोणत्या पडद्याचा ते सांगावे लागते.

पाठ तयार करायला लॅपटॉपवर ओपनबोर्ड हे ॲप मोफत आहे. गणिताला जिओजेब्रा, विज्ञानाला फेट, आणि फेटची बरीच सिम्युलेशन (पडद्यावर करून पाहायचे प्रयोग) मराठीत आहेत. पॅनेलबरोबर येणाऱ्या लेखन-ॲपची खास फाइल दुसऱ्या कंपनीच्या पॅनेलवर उघडत नाही, म्हणून प्रत्येक तास पीडीएफमध्येही साठवा. जुन्या श्री-लिपी किंवा कृतिदेव फाँटमधल्या प्रश्नपत्रिका पॅनेलवर उघडल्या की अगम्य चिन्हे दिसतात. त्या ज्या संगणकावर टाइप झाल्या तिथेच पीडीएफ करून आणाव्या लागतात. आपल्या शहरात कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. त्यांनी आपापल्या लिपीचा कीबोर्ड, आणि उर्दूसाठी उजवीकडून डावीकडे लिहिणे, प्रात्यक्षिकातच चालवून पाहावे.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची वाट आपल्याच जिल्ह्यातून पडली आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवलेले रणजितसिंह डिसले गुरुजी त्या कामासाठी ओळखले जातात आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. पॅनेलला बहुधा कॅमेरा नसतो, त्यामुळे कोड स्कॅन होणार नाही म्हणून शिक्षक तो सोडून देतात. कोडखाली छापलेली सहा अक्षर-अंक दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर टाइप केली की तोच पाठ उघडतो. नेट भरवशाचे नसेल तर आदल्या दिवशी उतरवून ठेवा. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि एनटीएफएस काही पॅनेल वाचतच नाहीत.

पैसे देण्याआधी

दरपत्रकात हे लेखी घ्या: जीएसटी, वाहतूक, बसवणी, स्टँड किंवा ब्रॅकेट, केबल आणि प्रशिक्षण धरून एकूण दर, बीआयएस नोंदणी क्रमांक, हमी बिलाच्या नव्हे तर बसवणीच्या तारखेपासून, आणि तक्रारीनंतर तंत्रज्ञ सोलापुरात किती दिवसांत शाळेत येईल. शेवटचा मुद्दा सर्वांत मोठा आहे. पुण्याहून माणूस यायचा असेल तर तो एका पॅनेलसाठी अडीचशे किलोमीटर लगेच येत नाही, तक्रारी साचल्यावर येतो. सोलापुरातच सुटे भाग आणि माणूस ठेवणारा विक्रेता थोडा महाग असला तरी त्यालाच द्या. त्याने बसवलेल्या दोन शाळांत जाऊन तिथल्या शिक्षकांशी बोला, मुख्याध्यापकांच्या दालनात नव्हे, वर्गात. काच फुटणे बहुतेक हमींमध्ये येत नाही, ते आधीच समजून घ्या.

माल आल्यावर खोका उभाच ठेवा आणि उभाच उचला. आडवे झोपवून नेलेल्या पॅनेलची आतली पातळ काच कडेने तडकते. बाहेरून ते दिसत नाही, चालू केल्यावर काळी भेग येते. खोका उघडताना व्हिडिओ काढा. चालू करून पूर्ण पांढरा, काळा आणि लाल पडदा दाखवायला सांगून मेलेले ठिपके शोधा. चारही कोपऱ्यांतून तिरक्या रेघा ओढा, त्या कुठेही तुटता कामा नयेत. दोघांना एकाच वेळी लिहायला सांगा. शेवटी मागच्या बाकावर बसून, खिडक्या उघड्या ठेवून, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा वाचून पाहा. एवढे झाल्यावर मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक बिलाशी ताडून सही करा.